हार्वीच्या पाण्यानंतर काडतुसांसाठी घेतलेले लोखंडी डबे: सात वर्षांच्या वापरानंतर

पुठ्ठ्याचं खोकं उचलायला गेले आणि त्याचं बूड जमिनीवरच राहिलं. २०१७ च्या सप्टेंबरातली गोष्ट. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला कॅटीकडे राहतो, बार्कर जलाशयापासून फार लांब नाही. हार्वी वादळाचा पाऊस थांबला तरी आमच्या भागातलं पाणी हटायला तयार नव्हतं. घर दोन पायऱ्या उंच असल्यानं वाचलं, पण गॅरेजमध्ये चार दिवस फूटभर पाणी उभं होतं. आणि गॅरेजच्या भिंतीशी, खाली जमिनीवर माझी सरावाची काडतुसं होती. नऊ मिलिमीटरची हजारभर आणि पॉइंट बावीसची पाचशे-पाचशेची तीन खोकी.

लगदा झालेल्या पुठ्ठ्यातून पितळ चमकत होतं. नुसतं बघून कुणीही म्हटलं असतं, काही झालेलं नाही. नवरा म्हणाला, "अगं, उन्हात वाळव की." मलाही तसंच वाटत होतं, अडीच हजार काडतुसं टाकवत नव्हती. मग खडकीला बाबांना फोन लावला. बाबांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली. हा कारखाना १८६९ पासूनचा, आमच्या आळीतल्या निम्म्या घरांची चूल त्याच्यावर पेटायची. बाबा ऐकून घेऊन म्हणाले, "काडतूस वाळतं गं, पण आतली दारू वाळली का नाही, ते तुला बाहेरनं कसं कळणार? सोडून दे." नंतर वाचलं तर इथल्या काडतूस-उत्पादकांच्या संघटनेचाही, म्हणजे सामीचाही, हाच सल्ला होता: पाण्यात बुडालेली काडतुसं वापरू नका. ओलसर दारू अर्धवट जळते, गोळी बंदुकीच्या नळीतच अडकते आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुटते. ती कुठं द्यायची ते रीतसर फोन करून विचारलं आणि सगळी सोपवून आले.

त्यानंतर, २०१८ च्या सुरुवातीला, मी दहा लोखंडी डबे घेतले. हा अभिप्राय त्यांच्यावर आहे. इथल्या मराठी मंडळींत हल्ली बरेच जण रेंजवर जायला लागलेत, मुलामुलींना नेमबाजीच्या स्पर्धांना नेतात, आणि "घरी किती आणि कशात ठेवायचं" असं मला विचारतात. त्यांच्यासाठी लिहिते आहे. (भारतातल्या वाचकांना एकाच गोष्टीची आठवण: तिथं एका वेळी किती आणि वर्षाला किती हे परवान्यावरच लिहिलेलं असतं, त्यामुळं साठ्याचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.)

मुळात एवढी लागतात कशाला? मी आठवड्याला दीडशेच्या आसपास झाडते. पॉइंट बावीसच्या बाबतीत तर एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेची काडतुसं एकदम घेऊन ठेवावी लागतात, कारण लॉट बदलला की लक्ष्याच्या कागदावर पडणाऱ्या भोकांचा घोळका बदलतो. शिवाय २०२० मध्ये इथल्या दुकानांची फळकुटं रिकामी पडली होती. ज्यांच्याकडे साठा नव्हता त्यांचा सराव कित्येक महिने बंद होता.

तर डबा. अमेरिकी सैन्याचा एम२ए१, लोक त्याला फिफ्टी कॅल म्हणतात. मूळ काम पॉइंट पन्नास मशीनगनच्या शंभर गोळ्यांची माळ ठेवण्याचं. आतून साधारण अकरा इंच लांब, साडेपाच रुंद, सात खोल. रिकामा सव्वादोन-अडीच किलो. नऊ मिलिमीटरची पन्नासची वीस खोकी त्यात आरामात बसतात, म्हणजे हजार काडतुसं, आणि मग वजन होतं पंधरा किलोच्या आसपास. आपल्याकडच्या भरलेल्या गॅस सिलिंडरच्या निम्मं म्हणा. वरची कडी बारीक आहे, चार पावलांत बोटांत रुतते. याचा धाकटा भाऊ थर्टी कॅल, तो अरुंद असतो. मनगट दुखत असेल तर सरळ तो घ्या. मी आता नवीन घेतला तर तोच घेईन.

सहा डबे मी सैन्याच्या मोडीतले घेतले, चार कोरे. मोडीतले गन शोमधल्या, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शनातल्या, एका गाळ्यावरून, पंधरा डॉलरला एक. कोरे वीसला पडले. आता दोन्ही महागलेत.

या डब्याचा सगळा जीव झाकणाच्या आतल्या रबरी रिंगेत आहे. कुकर ज्यांनी वापरलाय त्यांना वेगळं सांगायला नको: भांडं कितीही जाड असो, रिंग कडक झाली की शिट्टी होत नाही. घरी आणल्यावर मी आधी बसच्या तिकिटाएवढी कागदाची पट्टी घेतली. ती काठावर ठेवायची, झाकण लावायचं, खटका ओढून बसवायचा आणि पट्टी ओढून बघायची. फाटली पाहिजे किंवा जागची हलता कामा नये. मग दोन बोटं पुढं सरकून पुन्हा, असं चारी बाजूंनी. कोपऱ्यांना विशेष लक्ष द्या, रबर पहिल्यांदा तिथंच दबतं. एका डब्याला बिजागरीकडच्या बाजूला पट्टी लोण्यातनं सुरी यावी तशी निघून आली. झाकण काढून पाहिलं तर (हे झाकण बिजागरीतून सरकवून पूर्ण वेगळं करता येतं, ही या डब्याची मोठी सोय) रिंगेला नखाएवढा काप होता.

त्यानंतर टबातली परीक्षा. डब्यात कोरडा टिशू पेपर ठेवायचा, झाकण लावायचं आणि रात्रभर पाण्याखाली दाबून ठेवायचा. रिकामा डबा तरंगतो म्हणून वर घरातलं दहा किलोचं डंबेल ठेवलं. दहापैकी आठ डबे पास झाले. सकाळी टिशू हातात घेतला तेव्हा तो कोरडा, कुरकुरीत लागला, आणि हार्वीनंतर पहिल्यांदा मला बरं वाटलं. नापास दोन्ही मोडीतले. एक तो कापलेल्या रिंगेचा, दुसऱ्याचा काठच ठेचलेला होता. गाळेवाल्याकडे परत घेऊन गेले तर त्यानं "आहे तसा माल" ही पाटी दाखवली. त्या दिवशी मला राग आला. जो माणूस पाणी न शिरणारा डबा म्हणून विकतो, त्यानं निदान झाकण उघडून दाखवावं. रिंगा सुट्या मिळतात, पहिला डबा त्यावर निभावला. ठेचलेला डबा मात्र आता पाने-पकडींचा झालाय. मोडीतला घेणार असाल तर गाळ्यावरच, पैसे देण्याआधी कागदाची पट्टी चालवा.

मोडीतल्या डब्यांवर जुनी पिवळी अक्षरं असतात, आत काय होतं ते सांगणारी. ती रंगवून झाकलीच पाहिजेत. उद्या घराला आग लागली तर आत येणाऱ्या अग्निशमनच्या माणसाला खोटी माहिती मिळता कामा नये. आतून साबणाच्या पाण्यानं धुवायचे, उन्हात दोन दिवस उघडे वाळवायचे. तेलकट वास निघाल्याशिवाय भरू नका.

आणि भरायचं कसं, याबद्दल माझी आई मला इथल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवून गेली आहे. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायचे दिवस आले की ती गच्चीवर ऊन दिलेले गहू रात्रभर पसरून गार होऊ द्यायची आणि मग सकाळी कोठीत घालायची. ऊन गहू भरले तर कोठीच्या आत घाम धरतो. डब्याचं अगदी तसंच आहे. ह्यूस्टनच्या दमट दुपारी गॅरेजमध्ये डबा भरून घट्ट लावलात, तर ती दमट हवा तुम्ही स्वतःच आत कोंडलीत. गारव्यात नेला की तेच पाणी पितळेवर सुटतं. हवाबंद डबा बाहेरची ओल आत येऊ देत नाही, तशी आतली ओल बाहेरही जाऊ देत नाही. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली. ऑगस्टात उघडलेल्या एका डब्यातली पुठ्ठ्याची खोकी हाताला मऊ लागली, आणि दोन-तीन काडतुसांच्या बुडाशी हिरवी कड दिसली. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं, तसला रंग.

तेव्हापासून भरण्याचं काम हिवाळ्यात, एसी किंवा हीटर चालू असलेल्या खोलीत. काडतुसं आणि डबे आदल्या रात्रीच तिथं आणून ठेवते. प्रत्येक डब्यात सिलिका जेलची एक मोठी पुडी आणि ओलावा दाखवणारं एक कार्ड टाकते. माझ्या पुडीतले दाणे कोरडे असताना नारिंगी, ओल धरली की हिरवे होतात. हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसवर दोनेक तास ठेवायचे, पुन्हा नारिंगी. काडतुसं मूळ खोक्यांतच ठेवा, सुटी ओतू नका. जागा वाचते हे खरं, पण खोक्यावर लॉट नंबर असतो, आणि कंपनी सदोष माल परत मागवते तेव्हा तो लॉट नंबरवरूनच मागवते. बाहेर पांढऱ्या पट्टीवर माप, संख्या, भरल्याची तारीख. जुना डबा आधी संपवायचा, नवा मागं लावायचा.

डबा कोरडेपणा सांभाळतो, त्याचं काम तेवढंच. गारवा आणि कुलूप तुम्हाला द्यावं लागतं. हे मी ठासून सांगते, कारण लोक डबे आणतात आणि गॅरेजमध्येच रचून ठेवतात. आमच्या गॅरेजमध्ये ऑगस्टात मी स्वतः ४३ अंश वाचलेत. लोखंडी डबा काही ती उष्णता अडवत नाही. माळा तर त्याहून वाईट. आमचे डबे आता जिन्याखालच्या कपाटाच्या खोलीत आहेत, घराच्या मध्यावर, जिथं वर्षभर एसी पोचतो आणि जिथून पाण्याचा नळ जात नाही.

त्याच खोलीत आधी मांजराच्या शीची पेटी होती. बाबांना व्हिडिओवर जागा दाखवली, तर त्यांची नजर डब्यांवर नव्हती, पेटीवर होती. "ती पहिल्यांदा हलव," म्हणाले. मग त्यांनी जी गोष्ट सांगितली ती मी नंतर मुद्दाम वाचून पक्की केली. इंग्रजांच्या काळात, पावसाळ्यात हिंदुस्थानातल्या लष्कराच्या हालचाली मंदावायच्या, तेव्हा काडतुसं तबेल्यांत ठेवत. पावसाळा सरला की काडतुसांच्या कित्येक पितळी नळ्या तडकलेल्या सापडायच्या, आणि कारण कुणाला कळायचं नाही. त्याचा उलगडा १९२१ साली झाला. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, आणि ओढून घडवलेल्या पितळेत राहून गेलेला ताण, या दोघांनी मिळून ती नळी चिरत होती. मांजराची पेटी, अमोनिया असलेला काच पुसायचा फवारा, दोन्ही त्या खोलीतून गेले. बंद डब्यात तो वायू शिरणार नाही, पण चालू आठवड्याची उघडी खोकी त्याच कपाटात असतात.

कुलपाबद्दल. या डब्याचा खटका कुणालाही उघडता येतो, सात वर्षांच्या पोरालासुद्धा. कुलपाचे सुटे कडी-कोयंडे मिळतात, पण सगळा डबाच उचलून नेता येतो, मग त्याचा काय उपयोग. मी डबे लोखंडी कपाटात ठेवते, कपाट भिंतीला बोल्टनं आवळलेलं आहे आणि किल्ली माझ्याच जुडग्यात असते. बंदुका दुसऱ्या कपाटात, दुसऱ्या किल्लीत. मुलगी पंधरा वर्षांची आहे, स्वतः उत्तम नेम धरते, तरी किल्ली तिच्याकडे नाही. घरी गणपतीला तीस-चाळीस माणसं येतात, पोरं लपाछपी खेळतात, जिन्याखालची खोली ही तर लपायची पहिली जागा.

कपाटाआधी मी एक प्लास्टिकची मांडणी घेऊन पाहिली होती. खोक्यावर एका फळीला शंभर किलो असं छापलेलं. पाच डब्यांनी महिन्याभरात फळी पोटातून खाली आली. आता सगळ्यांत खालचा कप्पा जमिनीपासून चार इंच वर, आणि एकावर एक दोनच डबे. प्लास्टिकचे डबेही एका नामांकित कंपनीचे वापरून पाहिले. हलके आहेत, हाताला बरे वाटतात, गाडीतून रेंजवर न्यायला मी आजही तेच वापरते. पण एक उन्हाळाभर गॅरेजमध्ये राहिलेल्या डब्याचं झाकण एका कोपऱ्यात वाकलं आणि परत बसलं नाही. लांबच्या साठ्याला लोखंडच.

शेजारच्या काकूंनी एकदा सरळ विचारलं, "हे सगळं एकदम उडालं तर गं?" प्रश्न रास्त आहे, आणि मराठी माणसाच्या मनात तो येतोच, कारण आपण पुलगाव पाहिलंय. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागली आणि विझवायला धावलेले जवान आणि कर्मचारी गेले. बाबा त्या दिवशी जेवले नव्हते. पण तिथं सुरुंग होते, उच्च स्फोटकं होती. नेमबाजीची काडतुसं त्या जातीची नाहीत. वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ती १.४एस या गटात येतात, म्हणजे पेटलीच तर धोका मुख्यतः खोक्यापुरता आणि जवळपासचा. सामीनं अग्निशमन दलांसाठी चार लाखांहून जास्त काडतुसं जाळून, आपटून, चिरडून पाहिली, त्याची फिल्म आहे. काडतुसं एकेक करून फुटतात, सगळी मिळून स्फोट होत नाही. बंदुकीच्या नळीचा आधार नसल्यानं गोळीला वेग मिळत नाही, पितळेचे तुकडे तेवढे थोड्या अंतरापर्यंत उडतात. दलाचा नेहमीचा जाड पोशाख त्याला पुरतो. म्हणून आग लागली तर आपण विझवायला जायचं नाही. बाहेर पडायचं आणि येणाऱ्या दलाला आधीच सांगायचं की जिन्याखाली काडतुसं आहेत.

आता या डब्याबद्दलची सगळ्यांत महत्त्वाची सूचना. जे रिकाम्या नळ्यांत दारू भरून घरीच काडतुसं बनवतात, त्यांनी सुटी दारू आणि प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोप्या, या डब्यात कधीही ठेवू नयेत. आमच्या क्लबातल्या एका गृहस्थांनी नेमकं तेच केलं होतं, "ओल लागत नाही ना" म्हणून. धूरविरहित दारू, म्हणजे आजच्या काडतुसांतली दारू, मोकळ्यावर भसकन जळून जाते. घट्ट लोखंडी डब्यात कोंडली की तिचा दाब वाढत जातो आणि डब्याचाच बॉम्ब होतो. तिला मूळ, पातळ, दाबानं उघडणाऱ्या डब्यातच राहू द्यायचं. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेच्या एनएफपीए ४९५ या मानकात घरासाठी दारूची मर्यादा २० पौंड आहे, त्यापुढं ५० पौंडांपर्यंत ठेवायची तर किमान इंचभर जाड लाकडाची पेटी लागते, आणि प्रायमर १०,००० पर्यंत. लाकूड का, तर ते आगीत उष्णता हळू आत जाऊ देतं आणि दाब आला तर उकलतं. त्या गृहस्थांनी माझ्यासमोर डबे रिकामे केले. मी स्वतः काडतुसं बनवत नाही, त्यामुळं या दोन्ही वस्तू आमच्या घरात नाहीतच.

डब्यांची खरी परीक्षा पुढं झाली. २०२४ च्या जुलैत, ८ तारखेला, बेरिल वादळ आलं आणि आमची वीज सहा दिवस गेली. एसी बंद, भिंतींना हात लावला तर ओल लागायची, देवघरातली काडेपेटी पेटेना. वीज आल्यावर मी जिन्याखालचं कपाट उघडलं. उघड्या खोक्यातली पन्नास काडतुसं हाताला चिकट लागली, ती त्याच आठवड्यात रेंजवर संपवली. मग सगळ्यांत तळाचा डबा ओढला, २०२१ च्या जानेवारीत भरलेला. खटका उघडताना तो ओळखीचा आवाज आला, झाकण किंचित चिकटून सुटलं. आतलं ओलाव्याचं कार्ड चाळीस टक्क्यांच्या खाली. पुडीतले दाणे नारिंगी.

तेव्हा खडकीत सकाळ झाली होती. बाबांना व्हिडिओ लावला. त्यांना आता कमी दिसतं, म्हणून मी एक काडतूस चिमटीत धरून कॅमेऱ्याच्या अगदी जवळ नेलं. ते म्हणाले, बूड दाखव. प्रायमरभोवतीची कड दाखव. थोडं फिरव. मी फिरवत राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "कळकलं नाही."

आणि लगेच, "आता त्याच्या शेजारचा डबा उघड."